कडूबाईच्या लेकराची जागा

कडूबाई माझ्या ओट्याच्या वर कधी आली नाही. मी तिला ये म्हटलं नाही असं नव्हे. म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं तो सूर तिला कळत होता. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्या डोक्यावर मासळीचं टोपलं. सतरा वर्षं ती येलदरीतल्या आमच्या गल्लीतून जिंतूरच्या सातच्या एसटीला जाते. टोपलं कुंपणाबाहेर ठेवते, नळावर हात धुते आणि खालच्या पायरीवर बसून माझ्या हातचा चहा पिते. मग कप विसळून पालथा घालते. मी तिला कधी सांगितलं नाही की कप राहू दे, मी विसळते. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात माझा भाग मोठा आहे.

तिच्याआधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडात घातलीच तर थुंकून द्यावी म्हणून. ती स्वतःच सांगायची, "यमानं थुकली वैनी, ती नागनाथाच्या पदरात पडली. त्यो अजून तोंड वाकडं करायलाय." आणि पायरीवर बसून पोट धरून हसायची. बसमध्येही तशीच. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुझी मरळ शेपूट हलवायली, तिचंबी तिकीट काढ." ही म्हणाली, "काढते की, पर हाफ. शाळंत हाय ती अजून." सगळी गाडी हसली. मीही होते त्या गाडीत, जिंतूरला वाती-कापूर आणायला निघाले होते.

तिची एक रीत होती. सकाळची बोहणी होईपर्यंत ती 'न्हाई' हा शब्द उच्चारत नसे. पहिलं गिऱ्हाईक रोहू मागायचं आणि टोपल्यात कटलाच असायचा, तर म्हणायची, "रोहू उद्या येती, आज ह्यो घ्या." तिच्या नवऱ्याच्या, नागनाथभाऊंच्या होडीतही तेच. जाळं पाण्यातून वर येईपर्यंत होडीत कुणी 'न्हाई' म्हणायचं नाही. भरल्या पाण्यावर नकार बोलला की पाणीही नकार देतं, असं त्यांच्याकडं मानतात. माझ्या घरात तरी काय वेगळं? आम्ही बाहेर पडताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो.

त्यांना दोन लेकरं. प्रियंका चारठाण्याला दिली. धाकटा ओमप्रकाश. धरणात मासळी कमी झाली तेव्हा तो कोकणात मोठ्या लाँचवर खलाशी म्हणून गेला. वर्षातून दोनदा यायचा. आईसारखा पायरीवर बसायचा नाही, थेट ओट्यावर चढायचा. "काकू, चहा." त्याला काही वाटायचं नाही आणि मलाही त्याचं काही वाटायचं नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. तो सांगायचा, "तिकडं तांडेलापाशी, म्हंजी लाँच हाकणाऱ्यापाशी, एक यंत्र हाय. नुसतं बोट लावायचं. खाली किती पाणी, कुठं खडक, कुठं मासळी, सगळं काचेवर दिसतं. आणि नाव कुठनं कुठं गेली त्याचा धागा निघतो. मी तांडेलाच्या मागं लागलोय, नवं घेतलं की जुनं मह्या बाला द्या म्हणून. बा बिचारा अजून दोरीला दगड बांधून पाणी मोजतो."

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, पहाटे जाळं ओढताना ओम समुद्रात पडला. दोर पायात अडकला असं सांगतात. तांडेलानं लाँच तिथंच दुपारपर्यंत गोल गोल फिरवली. ओम सापडला नाही. पोलिसांच्या कागदावर 'बंदरापासून अंदाजे अठरा मैल' एवढंच आहे.

भावकीतली मंडळी बसली. नागनाथभाऊंचे चुलतभाऊ तात्याराव जाणते गृहस्थ. ते म्हणाले, देह नसला तर दर्भाचं माणूस करतात, त्याला अग्नी देतात, शास्त्रात सोय आहे. कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "गवताला मी ओम म्हणू व्हय?" मंडळी उठून गेली. दहावं नाही, बारावं नाही, काही झालं नाही.

चैत्रात ओमची पिशवी आली. दोन शर्ट, एक चादर, मोबाईलचा चार्जर, आणि चादरीत गुंडाळलेलं ते यंत्र. मालकानं नवं बसवलं होतं, तेव्हा तांडेलानं शब्द आठवून जुनं पाठवलं. दीड वितीची काच, पाठीमागं वायरी, आणि वायरीच्या टोकाला पाण्यात सोडायची काळी मुठीएवढी मुंडी. मोटारसायकलच्या बॅटरीवर चालतं. कसं चालवायचं ते तांडेलानं फोनवरून सांगितलं, कडूबाईनं ऐकलं आणि चालवलं. नागनाथभाऊंनी बोट लावून पाहिलं तर काच हलेना. चाळीस वर्षं जाळ्याच्या दोऱ्यांनी बोटांना घट्टे पडलेले, रेघन् रेघ झिजलेली. रेशनच्या दुकानातलं यंत्रही त्यांचा अंगठा ओळखत नाही, तिथंही कडूबाईच अंगठा देते. तांडेलाच्या यंत्रानंही त्यांना ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र आणि बॅटरी टोपल्यात घालून माझ्याकडं आली. तेव्हा तिनं मला समुद्र दाखवला. दोन बोटांनी काच चिमटली की गाव लहान लहान होत गेलं, जमीन सगळी पिवळी, आणि डाव्या अंगाला निळं पाणी. त्या निळ्यावर काळे धागेच धागे. ओमची लाँच जिथं जिथं गेली तिथला प्रत्येक माग. बंदरातून निघालेले, परत आलेले. आणि एका ठिकाणी धाग्याचा गुंता. गुरफटलेल्या जाळ्यासारखा, गोल गोल गोल.

"तांडेल म्हणले, ह्या गुंत्यातच लाँच फिरली," कडूबाई म्हणाली. "हितंच हाय महं लेकरू."

ती रडली नाही. मार्गशीर्षानंतर मी तिला पहिल्यांदा जराशी निवांत पाहिली. देह नाही, पण जागा आहे. तिनं ठरवलं की वर्ष उलटल्यावर जो पितृपक्ष येईल त्यात दोघा नवराबायकोनं कोकणात जायचं, तांडेलाच्या लाँचमधून ह्या गुंत्यापर्यंत, आणि ओमचा घास त्याच पाण्यात सोडायचा. तेव्हा कुठं लेकरू सुटंल. त्या दिवसापासून नागनाथभाऊ रोज संध्याकाळी जेवायच्या आधी म्हणायचे, "दाव." ती यंत्र लावायची, निळं पाणी काढायची, गुंत्यावर बोट ठेवायची. ते बघायचे आणि मग ताटावर बसायचे.

यंत्र दिवाळीपर्यंत देवाच्या फळीवर फडक्यात होतं. मग नागनाथभाऊच एक दिवस म्हणाले, "पोरानं मह्यासाठी मागून ठिवलं ते गुंडाळून ठिवून काय हळदकुंकू लावायचं त्याला?" ते होडीवर बसवलं. आणि बसवलं तर चालवणार कोण? कडूबाई. त्यांच्याकडं बाईनं जाळ्याच्या होडीत बसायचं नाही, बाईनं विकायचं. पहिल्या दिवशी काठावर सगळे उभे. तात्याराव ओरडले, "नागनाथ, मासे धरायलास का सासरवाडीला निगालास?" कडूबाई होडीतूनच म्हणाली, "भावजी, सासरवाडीचा रस्ता त्येंला ह्या यंत्रावरबी घावंना, म्हणून मी बसले."

त्या दिवसांत ती माझ्याकडं उशिरा यायची, पण आली की बोलत सुटायची. "वैनी, लाल जाड रेघ आली की खडक. पिवळी पातळ आली की गाळ. आणि मासा म्हंजी भुवई. अशी वाकडी भुवई दिसली की मी म्हणते, टाका. ते टाकतेत." काचेवर पाण्याचे थेंब पडले की यंत्राला तेही बोटच वाटतं, मग ते वेड्यासारखं इकडं तिकडं पळतं, म्हणून ती कोरडा पदर हाताशी ठेवायची. आणि सगळ्यात गंमत तिला एका गोष्टीची वाटायची. यंत्र समुद्राचं. त्याच्या नकाशात आपलं धरण नाहीच. काचेवर त्यांची होडी पिवळ्या कोरड्या जमिनीवरून चाललेली दिसायची. "ते म्हणतेत, यंत्राच्या लेखी आपण वावरात नाव हाकायलाव." त्या वावरातून त्यांचाही काळा धागा निघायचा, सकाळी जाताना आणि येताना. ती म्हणायची, "त्याचा धागा तिकडं, आमचा इकडं. एकाच काचंवर हाव आमी तिघं."

पंचवीस वर्षांच्या संसारात दोघं नवराबायको इतका वेळ शेजारी कधी बसले नव्हते, असं तीच एकदा म्हणाली आणि लाजली.

आता माझा भाग.

पौषातली पुत्रदा एकादशी होती. मी न्हाऊन सोवळ्यानं पूजेला बसले होते. बाहेरून हाक आली, "वैनी, जरा या की. काचंवर चौकट आली, जाईना. विंग्रजी हाय." मी फुलपात्र ठेवून दारापर्यंत आले. कडूबाई पायरीखाली उभी, यंत्र दोन्ही हातांनी वर धरलेलं, बॅटरी पायाशी, होडीतून काढून तसंच आणलेलं, वायरीला शेवाळ, खवले चिकटलेले. वास माझ्यापर्यंत आला. मी दहावी झालेली आहे, इंग्रजी अक्षर मला लागतं. पण चार बोटं अंतरावरून वाचता येतं, चार हातांवरून नाही. मला फक्त 'फुल' एवढं दिसलं, आणि खाली दोन चौकोन, एकात यस, एकात नो. मधली ओळ बारीक होती. खाली उतरून यंत्र हातात घेतलं असतं तर ती ओळही वाचली असती. पण मग पुन्हा न्हावं लागलं असतं, आणि नैवेद्याची वेळ होत आली होती.

मी म्हणाले, "काही नाही गं, मोबाईलसारखंच. भरलंय म्हणतंय, पुढं चालू ठेवू का विचारतंय. हो म्हण."

"हो कंचं?"

"डाव्या हाताचं. आणि सकाळच्या पारी नाही कशाला म्हणायचं?"

"हे बाकी खरं," ती म्हणाली आणि तिनं डाव्या चौकोनावर बोट टेकवलं. चौकट गेली. मी आत गेले. पुत्रदेची पूजा पूर्ण केली.

त्यानंतर ती चौकट पंधरा-वीस दिवसांनी यायचीच. कडूबाईला आता विचारायची गरज नव्हती. होडीत, भर पाण्यावर, जाळं टाकलेलं असताना काचेवर विचारणा आली की ती हो म्हणायची. नकार म्हणायचा तर प्रश्नच नव्हता.

आषाढात एकदा पायरीवर बसून ती म्हणाली, "वैनी, मह्या डोळ्यावर पडदा आलाय का? समुद्रातले धागे इरळ दिसायलेत." मी म्हटलं, जिंतूरला शिबीर लागलं की डोळे दाखवू. तेव्हाही मी यंत्र मागून पाहिलं नाही. नागनाथभाऊंना तर जवळचं दिसतच नाही नीट, ते तिच्या बोटाकडं बघायचे आणि बोटाखाली काय आहे ते तिच्यावर सोडायचे.

श्रावण उतरायला लागला तसं कोकणात जायचं नक्की झालं. तांडेलाला फोन माझ्या मोबाईलवरून लावला. तो भला माणूस. म्हणाला, "या ना, पितृपक्षात नेतो. तुम्ही एक करा ताई. यंत्रावर त्या गुंत्यावर बोट ठेवायला सांगा, खाली आकडे उमटतील. ते मला वाचून दाखवा, मी लिहून घेतो. मग बरोबर तिथंच नेऊन उभं करतो."

कडूबाई पायरीवर यंत्र लावून बसली होती. मी तिला सांगितलं. तिनं काच चिमटली, समुद्र आणला. बोट इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. निळं पाणी सरकत होतं, रिकामं. एखाद-दुसरा धागा, तोही अर्ध्यात तुटलेला. ती म्हणाली, "कालपरवा व्हतं की. वैनी, मह्या बोटाखालीच व्हतं."

मी तांडेलाला म्हटलं, गुंता सापडत नाही. त्यानं विचारलं, "यंत्र रोज चालू ठेवता का तिकडं?"

"हो, धरणावर वापरतात."

"मग ताई... त्याच्यात धाग्यांना जागा ठरलेली असते. भरली की नवा धागा सगळ्यात जुन्यावर लिहितं. पण तसंच नाही पुसत, आधी विचारतं."

मी फोन कानाशी घट्ट दाबला. कडूबाई वर बघत होती. "काय म्हणायलेत?"

"रेंज गेली," मी म्हणाले.

तांडेल तिकडून बोलतच होता. "अंदाजानं नेईन मी ताई. पण तीच जागा म्हणून खोटं नाही सांगणार. आईला खोटं सांगवत नाही."

दोन दिवस मी तिच्यासमोर जाऊ शकले नाही. पोटात दुखतं म्हणून सांगून पाठवलं. देवापुढं बसले तरी जपमाळेचा मणी पुढं सरकेना. रोज सकाळी ती दोघं धरणाच्या पाण्यावर जात होती, आणि जितका त्यांचा धागा पुढं जात होता तितका ओमचा मागून उसवत होता. आणि ती समजत होती की तिघं एकाच काचेवर आहोत.

तिसऱ्या दिवशी मी पायऱ्या उतरून खाली तिच्याजवळ बसले. सगळं सांगितलं. चौकटीत काय लिहिलेलं होतं, मी काय वाचलं, काय वाचलं नाही, आणि का वाचलं नाही तेही. ती ऐकत राहिली. टोपल्यातल्या मासळीवरच्या माश्या हाकलायलाही तिचा हात उठला नाही.

"म्हंजी मीच," ती म्हणाली.

"तू नाही गं. मी सांगितलं हो म्हण म्हणून. माझं पाप आहे ते."

"तुमी सांगितलं वैनी. पर बोट महं व्हतं." तिनं ते बोट माझ्यासमोर धरलं आणि बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. "एका येळंला न्हाई. धा येळंला."

"तांडेल अंदाजानं नेईन म्हणतात."

"अंदाजावर घास सोडू? लेकरू एकीकडं बसंल उपाशी आणि मी दुसरीकडंच वाढून यीन." ती उठली, टोपलं डोक्यावर घेतलं. मी कप हातात घेऊन उभी राहिले. चहा तसाच होता. गाडी निघून गेली होती, तरी ती स्टँडकडंच चालत गेली.

पुढं चार-पाच दिवसांनी, दुपारी, नागनाथभाऊ आमच्या कुंपणाशी आले. ते कधी येत नाहीत. मुंडासं हातात घेऊन उभे होते. "वैनी, तिनं जायचं मोडलं. गुडघे दुकतेत म्हणायली. तिचे गुडघे आजपतुर कंदी दुकले न्हाईत. काय झालंय? तुमाला ठाव असंल."

मी त्यांना खोटं सांगू शकले नाही. तिला सांगितलं तसं त्यांनाही सांगितलं. ते ओट्याच्या पायरीवर, तिच्याच जागेवर बसले. खूप वेळ दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासत राहिले.

"यंत्र म्या बशिवलं होडीवर," शेवटी ते म्हणाले. "फळीवरच ऱ्हाऊ दिलं असतं तर..."

"भाऊ, चूक माझी आहे."

"चूक कुनाचीबी असू द्या वैनी. एक करा. मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. म्या एक अक्षर बोलणार न्हाई, तरी ती महं तोंड बगून रोज मरंल." मी मान हलवली. ते मुंडासं बांधून निघून गेले.

पितृपक्ष आला आणि गेला. आमच्या घरी सासऱ्यांचं श्राद्ध झालं, पान वाढलं, कावळा लगेच शिवला. मी ते पान बघून आत जाऊन रडले. ओमला यंदाही घास गेला नाही. भावकीतले पुन्हा दर्भाचं म्हणाले, पण ते विचारायला कडूबाईकडं जायला कुणी तयार झालं नाही.

काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. घर धरणाच्या काठाला आहे, पत्र्याचं, दारापुढं जाळी वाळत घातलेली. कडूबाईनं लगबगीनं चटई टाकली, मग थांबली, मला बसवेल की नाही म्हणून. मी बसले. पाणी दिलं ते प्याले. तिचं तोंड उतरलेलं होतं, केसांना तेल नव्हतं. चुलीवर भाकरी होती. नागनाथभाऊ हातपाय धुऊन आले, मला रामराम केला, आणि भिंतीला टेकून बसत म्हणाले, "दाव."

कडूबाईनं भाकरी उतरवली, हात पुसले, यंत्र घेऊन बॅटरीला लावलं. काच उजळली. तिनं दोन बोटांनी गाव लहान केलं, निळं पाणी आणलं. रिकाम्या पाण्याच्या मधोमध एका ठिकाणी बोट टेकवलं. "ही बगा."

नागनाथभाऊ पुढं वाकले. नेहमीसारखे डोळे बारीक करून, नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. "हां," म्हणाले. "तितंच हाय."

"जेवा आता," ती म्हणाली.

मी निघाले तशी ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. अंधार पडायला लागला होता. आपल्या घराकडं मागं वळून बघत ती हळू आवाजात म्हणाली, "वैनी, त्येंला सांगू नका हां. ते बगतेत म्हणून दोन घास खातेत."

मी मान हलवली. याहून जास्त काही मला तिच्यासाठी करता आलं नाही.